दाराच्या फटीतले जिभाऊ सर

फिजिक्सच्या डिपार्टमेंटमध्ये उपकरणं कधी पुरत नाहीत, किस्से मात्र पुरून उरतात. उपकरण बिघडलं की दुरुस्तीला जातं आणि बहुतेक वेळा तिकडेच राहतं. किस्सा बिघडत नाही. जुनी बॅच नव्या बॅचला सांगते, सांगताना थोडा मीठमसाला पडतो, आणि तीन-चार वर्षांत त्या किश्शाला ओळखणं त्याच्या मालकालाही जड जातं. नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूम लहान आणि चहा वारंवार, त्यामुळे हे काम फार जोरात चालतं. मी इथे शिकवायला आले तेव्हा फक्त ऐकणारी होते. आता सांगणाऱ्यांत माझी गणना होते.

यातले निम्म्याहून अधिक किस्से जिभाऊ सरांचे. हे आमचे एचओडी. खानदेशात घरातल्या मानाच्या, वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि सरांना सगळं कॉलेज तेच म्हणायचं. तापीकाठच्या गावातले, घरची कापसाची शेती, अंगात कायम पांढरा शर्ट, पायात कातडी चपला. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर पाऊल पडलं की अहिराणी.

या उन्हाळ्यात सर रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी शिस्त, निष्ठा, मार्गदर्शन असली भाषणं केली. मीही केलं. खरं जे बोलायला हवं होतं ते कोणीच बोललं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

* * *

सरांना दाराआड उभं राहून ऐकायची सवय होती. चोरून म्हणा हवं तर. कोणाचाही तास चालू असला की दार बोटभर उघडं करायचं आणि बाजूला उभं राहायचं. दाराखालच्या फटीतून त्यांच्या चपला दिसत, म्हणून सगळ्यांना कळायचं. सरांना वाटायचं, कोणालाच कळत नाही.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मला त्या चपला दिसल्या. आधीच्या कॉलेजात असं ऐकणारे लोक पुढे रिपोर्ट लिहीत, त्यामुळे माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर मी सरळ विचारलं, "सर, तुम्ही ऐकत होतात का?"

"मी कोठे ऐकस? मी तं आठे उभा शे फक्त. वारा चांगला येस आठे."

आमच्या त्या कॉरिडॉरमध्ये एप्रिल महिन्यात वारा! भिंतींना हात लावला तरी चटका बसतो. मी निघाले, तर सर मागून म्हणाले, "मॅडम, तुमनं तिसरं उदाहरण मागला पोरेसले समजनं नही. परत घ्या."

मी थांबले. शिकवणाऱ्याला पहिला बाक ऐकू येतो. शेवटच्या बाकावरची कुजबुज मात्र नेमकी मागच्या दाराशी ऐकू येते, आणि सर कायम मागच्याच दाराशी उभे असायचे. दुसऱ्या दिवशी मी ते उदाहरण परत घेतलं. मागच्या बाकावरच्या पोरांची तोंडं उजळली. मला शिकवता येतं असं आज कोणी म्हणत असेल, तर त्यात या फटीचा वाटा मोठा आहे.

* * *

एकदा एम.एस्सी.च्या वर्गावर मी क्वांटम चावीचा विषय घेतला होता. म्हणजे असं की, दोन माणसांना एकमेकांत गुपित बोलायचं आहे. त्यासाठी दोघांकडे सारखीच एक चावी हवी. चावी म्हणजे शून्य आणि एकांची लांब माळ. ही माळ प्रकाशाच्या एकेका कणावर बसवून पाठवायची. कण कधी सरळ धरलेला, कधी तिरपा. मधे कोणी डोकावलं तर त्याला कण सरळ की तिरपा हे ठाऊक नसतं, तो अंदाजाने बघतो आणि बघता बघता कण बिघडवतो. घेणाराही सरळ की तिरपं हे अंदाजानेच निवडतो; नंतर दोघं तेवढंच एकमेकांना सांगतात आणि न जुळलेले कण सोडून देतात. मग पाठवणारी आणि घेणारा थोडे आकडे उघडपणे ताडून पाहतात. शंभरात अकरा-बाराच्या वर चुका निघाल्या की समजायचं, मधे कोणीतरी आहे. ती चावी फेकायची आणि नवी करायची.

इंग्रजी पुस्तकात या तिघांना इंग्रजी नावं असतात. मी तीच सांगत होते. तेवढ्यात मागचं दार पूर्ण उघडलं आणि सर आत आले.

"मॅडम, ही नावं पोरांच्या लक्षात राहत नाहीत. पाठवणारी, घेणारा आणि मधे कान लावून बसतो तो चोंबडा. सोपं!"

सगळ्या वर्गाने मान खाली घातली. शेवटच्या बाकावर कोणाच्या तरी नाकातून आवाज आला. मी फळ्याकडे तोंड करून उगाचच खडू शोधत राहिले. सर मात्र समाधानाने परत दाराआड गेले, आणि फटीखाली चपला स्थिर झाल्या.

तेव्हापासून आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्या मधल्या माणसाला चोंबडा म्हणतात. परीक्षेच्या उत्तरांतही लिहितात. मी मार्क कापत नाही.

* * *

आता सरिताचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

सरिता नवापूरकडच्या डोंगरातली. घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलतात, रविवारी चर्चला जातात, भाताची थोडी शेती आणि बाकीचे महिने मजुरी. रोज चिंचपाड्याहून गाडीने यायची. तिने एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला. एका मोठ्या संशोधन संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी तिची मुलाखत होणार होती, आणि तिथल्या लोकांसमोर हा प्रयोग व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचा होता. निवड झाली तर राहण्या-खाण्यासकट पाच वर्षांची सोय. नाही झाली तर उन्हाळ्यात मामाबरोबर गुजरातेतल्या कंपनीत पॅकिंगला जायचं, हे घरी ठरून गेलं होतं. ती हे रडूनबिडून नाही सांगायची, रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं सांगायची. मलाच ऐकताना कसंतरी व्हायचं.

तिच्या जोडीला दिनेश. तो काठीकडचा, अक्कलकुवा तालुक्यातला, होस्टेलवर राहणारा. सरिता पाठवणारी, दिनेश घेणारा. आमच्या लांबुळक्या लॅबच्या एका टोकाला तिचं टेबल, दुसऱ्या टोकाला दाराजवळ त्याचं. मधे काळा पडदा, पडद्याला प्रकाश जाण्यापुरतं भोक. एकमेकांशी बोलायचं नाही, जे काय ते दोन जुन्या कॉम्प्युटरवरून लिहायचं. खरी एकेका कणाची यंत्रणा आमच्या कॉलेजला परवडणारी नव्हती. आमची तिची नक्कल होती, मंद केलेल्या लेसरची.

नक्कल असो की अस्सल, चावी काही होईना. चुका शंभरात तीस, चाळीस. फेका, नवी करा. परत तेच. सरिताने आरसे पुसले, लेसर बदलला, टेबलाखाली रबर घातलं. एखाद्या दिवशी सकाळी चावी बिनचूक यायची आणि दुपारी पुन्हा ढासळायची. तिची मुलाखत जवळ येत होती आणि हातात भरवशाने दाखवण्यासारखी एक चावी नव्हती.

शेवटी दिनेश मला हळूच म्हणाला, "मॅडम, चुका व्हायला लागल्या की तुम्ही दाराकडे बघा."

मी बघितलं. दार बोटभर उघडं. खाली चपला.

लॅबमध्ये आम्ही मिट्ट काळोख केलेला, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये नंदुरबारचं ऊन. त्या बोटभर फटीतून येणारा उजेड थेट दिनेशच्या टेबलावरच्या सेन्सरवर पडत होता. यंत्राला चोंबडा कोणता आणि ऊन कोणतं हे कळत नाही. या विद्येत प्रत्येक चूक चोंबड्याच्याच नावावर धरायची असते, तसा नियमच आहे. आम्ही इतके दिवस नियमाला नावं ठेवत होतो आणि नियम बिचारा खरं सांगत होता.

* * *

आता हे सरांना सांगायचं कोणी?

मी म्हटलं, दिनेशने सांगावं. दिनेश म्हणाला, त्याला होस्टेलचं दूध आणायचंय. मी दाराला पडदा लावायचा विचार केला, पण सरांनी तो सरकवलाच असता. कडी लावावी तर एचओडीला लॅबबाहेर ठेवल्यासारखं होणार. ज्या पद्धतीत गुपित चोरता येत नाही म्हणून जगभर कौतुक चाललंय, ती नुसत्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाने बंद पाडता येते. त्याला काही चोरायचीसुद्धा गरज नाही. हे पुस्तकात एका ओळीत आहे. आम्हाला महिनाभर पुरलं.

सरिताने मात्र सोपं केलं. ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "सर, माझ्या प्रोजेक्टला एक माणूस कमी पडतो. मधे बसून चोरणारा. तुम्ही याल का?"

फट, चपला, ऊन, कशाचाही उच्चार नाही.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग खुर्ची मागे सारून उठले. "हाई तं मन्हं कामच शे," म्हणाले, आणि तिच्या मागोमाग लॅबमध्ये आले. आत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दार घट्ट लावून घेतलं.

त्यांना तेव्हाच कळलं होतं की काय, हे मी कधी विचारलं नाही.

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी आमची दाणादाण उडवली.

आम्ही त्यांच्यासाठी मधे एक टेबल मांडलं, प्रकाश अडवून बघायला काचा दिल्या. सरांनी काचांना हात लावला नाही. पडद्याजवळ खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि बसून राहिले. मला वाटलं, दुपारची वेळ आहे, डुलकी लागली असेल. सरिता आणि दिनेशने चावी पूर्ण केली. चुका जवळजवळ शून्य. दोघं खूश.

सरांनी डोळे उघडले आणि अंधारात, मांडीवरच्या कागदावर न बघता लिहिलेली माळ पुढे केली. सरिताने आपल्या चावीशी ताडून बघितली आणि खालीच बसली. अधूनमधून एखादा आकडा सोडला तर सगळी चावी त्यांच्याकडे होती.

"सर, तुम्ही प्रकाशाला हातही नाही लावला!"

"उजेडले कशाले हात लावू? टकटक ऐकू ई ऱ्हायनी व्हती."

सरळचा तिरपा करायला सरिता एक चकती फिरवायची. ती चकती प्रत्येक घराला टक वाजायची. एक टक, दोन टक, तीन टक. सरांनी नुसत्या कानांनी सगळं उचललं होतं. आयुष्यभर दाराआड उभं राहून कमावलेले ते कान! प्रकाशाच्या कणाचं संरक्षण निसर्गाचा नियम करतो. चकतीच्या आवाजाचं संरक्षण कोणी करत नाही.

दिनेशचं तर आणखी मजेदार. त्याने सरळ बघायचं की तिरपं हे मनाला येईल तसं निवडायचं होतं. पण सर म्हणाले, "याचं ऐकायचीबी गरज नही. याना हात होळीना ढोलवर चालस." खरंच होतं ते. काठीच्या राजवाडी होळीत नाचून वाढलेल्या पोराची बोटं, मोकळी सोडली की तोच ठेका धरायची. त्याला वाटत होतं आपण वाटेल तसं निवडतोय.

सरिताने चकतीखाली फडकं कोंबलं. आणि दुसऱ्या दिवशी घरून मूठभर चिंचोके घेऊन आली, एका बाजूने घासून पांढरे केलेले, लहान मुलं खेळतात तसले. दोघांनीही आता चिंचोका टाकून निवडायचं, पांढरं पडलं तर सरळ, काळं पडलं तर तिरपं. दिनेशच्या बोटांना त्यात काही बोलता येईना. सरांनी दोन दिवस कान लावून बघितलं आणि सोडून दिलं.

* * *

मग एक दिवस ते खिशातून सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी घेऊन आले. ती त्यांनी प्रकाशाच्या वाटेत किंचित कलती धरली. थोडासा उजेड पट्टीवरून बाजूला उडाला, बाकीचा पुढे दिनेशकडे गेला. तेवढ्या थोड्यावर सरांनी आपलं काम केलं. चुका वाढल्या नाहीत. कोणाला पत्ताही लागला नाही.

सरिता गोंधळली. पुस्तकात तर म्हणतात, चोरलं की कळतं.

सरांनी तिला समजावलं ते मी आता दर वर्षी वर्गात त्यांच्याच शब्दांत सांगते. "एकच भाकर धाडी आनि वाटमा कोनी खादी, ते समजस. टोपलंभर धाडी आनि त्यातली एक कोनी खादी, तं कोनले समजई?"

आमचा लेसर टोपलं पाठवत होता. कण एकटा असेल तरच तो जपला जातो. खऱ्या यंत्रणांतही लेसर मंद करून वापरतात तेव्हा अधूनमधून दोन कण जोडीने सुटतात, आणि तिथेच चोराचं फावतं. त्यावर उपाय आहेत. मधेमधे खोटी टोपली पाठवून चोराला उघडं पाडतात. आमच्या नकलेत ते जमण्यासारखं नव्हतं. सरिताने तेवढं प्रामाणिकपणे रिपोर्टात लिहिलं. लिहिताना तिचा चेहरा पडला होता, कारण आपला प्रयोग कुठे कच्चा आहे हेच लिहायचं होतं. सर म्हणाले, "लिही. जो कुलूप विकस तो हाई सांगत नही. तू सांग."

* * *

मधेच एक माझा किस्सा सांगते, लहानसा आहे.

माझी मुलगी तेव्हा धुळ्याला माझ्या आईकडे होती. एक दिवस कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून मी फोनवर तिला समजावत होते की या शनिवारी प्रॅक्टिकल आहे, मला येता येणार नाही. ती रडत होती. मीही काही फार धीराची नव्हते. फोन ठेवून वळले तर कोपऱ्यावरून एक पांढरा शर्ट आत सरकला.

पुढच्या आठवड्यात नवं टाइमटेबल लागलं. माझे शनिवारचे सगळे तास दुसऱ्या वारांवर गेले होते, आणि शनिवारचं प्रॅक्टिकल सरांच्या नावावर होतं. टाइमटेबलाखाली कारण लिहिलं होतं, "लॅबच्या सोयीसाठी". लॅबची काय सोय होणार होती ते मला आजतागायत समजलेलं नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर त्यांनी ऐकलं हे मला माहीत आहे, असं झालं असतं. ते आभार मी इथे मानते.

* * *

सगळ्यात मोठी फजिती पुढची.

त्या दिवशी चावी इतकी स्वच्छ आली की सरिता पडद्याआडून आनंदाने टेबल वाजवायला लागली. चुका शून्य. तिने कॉम्प्युटरवर लिहिलं, झालं. पलीकडून उत्तर आलं, झालं. मी तिचं अभिनंदन करायला उठणार तोच दाराचा आवाज झाला आणि पडद्याची कड सारून दिनेश आमच्या बाजूला आला. त्याच्या हातात चहाचे ग्लास होते.

"तू इथे, मग तिकडे कोण?" सरिताने विचारलं.

पडदा बाजूला केला. दिनेशच्या खुर्चीत जिभाऊ सर. दिनेशला चहाला पिटाळून सर काळोखात त्याच्या जागी बसले होते, आणि सरिताने आपली सगळी चावी, एकही चूक न होता, चोंबड्याबरोबरच तयार केली होती!

या सगळ्या विद्येचं हे एक दुखणं आहे. मधे कोणी आहे का हे ती सांगते, पण समोर बसलाय तो आपलाच आहे का, हे ती सांगत नाही. त्यासाठी दोघांमध्ये आधीच थोडं गुपित असावं लागतं. थोडं असलं की त्यावर मोठं करता येतं. काहीच नसलं तर चोरालाच आपण मित्र धरून बसतो.

सरिताने यावर घरगुती उपाय काढला. ती आणि दिनेश दुपारचा डबा एकत्र खायचे. आता चावी सुरू करण्याआधी ती लिहायची, काल डब्यात काय होतं? खरा दिनेश लगेच लिहायचा, नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. पुढच्या वेळी सरांनी दिनेशला पुन्हा कुठेतरी पिटाळलं आणि खुर्ची पकडली. सरिताने प्रश्न टाकला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "भाजी."

सरिता इतकी हसली की चावी राहिलीच त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा उघडून बसलो तर दारात सर. एरवी ते घरून जेवून यायचे, आज हातात तीन पुडांचा डबा होता. आमच्या सतरंजीवर येऊन मांडी घालून बसले. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, शेवभाजी. सगळ्यांना वाढलं. सरिताच्या डब्यातली डाळ मागून घेतली. शांतपणे जेवले, हात धुतले आणि जाताना म्हणाले, "आते उद्या इचारा माले, डबामा काय व्हतं ते."

रोज येऊन बसायचे मग. सरिता-दिनेशला दुसरा प्रश्न शोधावा लागला. पण सरांना डब्याला येऊ नका असं कोणीच म्हटलं नाही, आणि मला वाटतं सरिता सगळ्यात जास्त जेवली ती त्या महिन्यांत.

* * *

आणि मग मुलाखतीचा दिवस.

सकाळी सरिता आली ती चेहरा उतरवून. रात्री मामा घरी येऊन गेले होते, तिच्यासाठी कंपनीत बोलून ठेवलंय असं सांगून. "मॅडम, आज फक्त चुका नको," एवढंच ती म्हणाली.

सर आमच्याही आधी येऊन लॅबच्या दारापाशी खटपट करत होते. दाराच्या चारी कडांना त्यांनी आतून काळा कागद चिकटवला होता. खालची फटसुद्धा, जिथून त्यांच्या चपला दिसायच्या, तीही बुजवलेली. सरिताने बघितलं. "मझार बठा तुम्ही," सर म्हणाले, "मी बाहेर शे." आम्ही आत गेलो, दार लागलं, आणि दिनेशने कागदाच्या मोकळ्या कडा आतून चौकटीला चिकटवल्या.

समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन जण. दोन पुरुष आणि मधोमध चष्मा लावलेल्या एक बाई, त्या प्रमुख. सरिताचा आवाज सुरुवातीला एवढासा झाला होता. मग दिव्याचं बटण बंद केलं, चकती हातात आली, आणि ती सावरली. चिंचोके टाकायची, चकती फिरवायची, चिंचोके टाकायची. एका साहेबांनी विचारलं, हे काय टाकताय? तिने चिंचोका कॅमेऱ्यासमोर धरला आणि दिनेशच्या ढोलाचं सगळं सांगितलं. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

चावी झाली. चुका शंभरात दोन.

बाई पुढे वाकल्या. "म्हणजे तुमची यंत्रणा सुरक्षित आहे असं म्हणायचं?"

होय म्हटलं असतं तर सोपं होतं.

"नाही, मॅडम," सरिता म्हणाली. "ही पद्धत ऐकणाऱ्याला थांबवत नाही. कोणी ऐकतंय, एवढं सांगते. तेही त्याने उजेडाला हात लावला तरच." मग तिने एकेक सांगितलं. चकतीची टकटक. टोपल्यातली भाकर. खुर्चीत बसलेला भलताच माणूस. दारातून येणारं ऊन. काय बुजवलं आणि काय बुजवता आलं नाही, दोन्ही सांगितलं. रिपोर्टात लिहिताना चेहरा पडला होता, ते सगळं ती आता मान वर करून सांगत होती.

"एवढे हल्ले एका प्रोजेक्टमध्ये? कोणी शोधले हे?"

"आमच्या सरांनी. ते चोंबडे आहेत."

दिनेशने कपाळावर हात मारला. बाईंनी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि मग पहिल्यांदा हसल्या. बाजूच्या दोघांशी आवाज बंद करून काही बोलल्या. परत आवाज आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "कागद येतीलच रीतसर. पण सरिता, जुलैमध्ये ये तू. आणि चिंचोके घेऊन ये."

पडदा काळा झाला. सरिताने चकतीखालचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "सरांना सांगू."

दाराचा कागद सोडवायला वेळ लागला. दार उघडलं तर डोळ्यांवर ऊन आलं. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. दाराकडे पाठ करून, वाटेत आडवी खुर्ची मांडून जिभाऊ सर बसले होते. मांडीवर रुमाल, रुमालावर वेचून काढलेली थोडी सरकी. दोन्ही कानांत घरच्या शेतातला कापूस गच्च भरलेला.

"सर, झालं," सरिता म्हणाली.

सर हलले नाहीत.

तिने जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजत म्हणाले, "हळू बोला. मझार पोरगीना इंटरव्ह्यू चालू शे."